पोर्चवरचं बुजगावणं

"मग पेंढ्याचं बुजगावणंच राहू दे की खुर्चीत. माझी गरजच काय?" असं म्हणून ऑरव्हिल केसलरनी हातातला गोणपाटाचा मुखवटा ओट्यावर टाकला. मुखवट्याच्या शिवणीतला भुसा कोरीनने चिरून ठेवलेल्या कांद्यावर सांडला.

"तेच तर सकाळपासून सांगतेय," सासऱ्यांकडे न बघता कोरीन म्हणाली. "पेंढ्याचं राहू द्या. त्याला थंडी वाजत नाही, चक्कर येत नाही, आणि ते लोकांच्या पोरांचे दात पाडत नाही."

"दुधाचा दात होता. आज ना उद्या पडायचाच होता."

"पॅपॉ, त्याचा बाप आपल्या दारात उभा होता. मी ऐकून घेतलंय, तुम्ही नाही. तुम्ही न्हाणीघरात होतात."

नातवंडं त्यांना पॅपॉ म्हणत. ओहायोच्या या नदीकाठच्या गावांत निम्मे आजोबा पॅपॉच असतात, आणि मुलं झाल्यापासून कोरीनही तेच म्हणू लागली होती. ती दंतवैद्याकडे काउंटरवर बसायची. दुधाचा दात म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण मागच्या हॅलोविनला, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या संध्याकाळी, गावात नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबातला मुलगा पोर्चवरून किंचाळत पळाला आणि पायरीवर तोंडावर आपटला. त्याचं रक्त पुसायला तीच धावली होती. दुसऱ्या दिवशी ॲपल पाय भाजून त्यांच्याकडे पोचवायलाही तीच गेली होती.

बुजगावण्याचा हा खेळ मुळात अर्डिथचा, म्हणजे ऑरव्हिलच्या बायकोचा. एकसारखे दोन मुखवटे तिनेच शिवले होते, एक पेंढ्याच्या बुजगावण्याला, एक नवऱ्याला. बटणांचे डोळे, काळ्या दोऱ्याचं वेडंवाकडं तोंड. ऑक्टोबर लागला की पोर्चवरच्या खुर्चीत पेंढा भरलेलं बुजगावणं येऊन बसायचं. लाल चौकड्यांचा शर्ट, मळकी डांगरी, बाह्यांतून बाहेर आलेल्या काड्या, मांडीवर रिकामं पातेलं. शाळेत जाता-येता पोरं त्याच्या बुटांना लाथ मारून जायची. महिनाभरात त्याची सवय व्हायची, भीती उरायची नाही. मग हॅलोविनच्या दिवशी ऑरव्हिल पेंढा उचलून आत ठेवायचे, तसेच कपडे घालायचे आणि स्वतःच त्या खुर्चीत बसायचे. पातेल्यात चॉकलेटं. एक उचललं तर काही नाही. पोराचा हात दुसऱ्यासाठी पुढे आला की मनगट पकडलंच.

ही रीत इतकी जुनी होती की लहानपणी पकडली गेलेली माणसं आता स्वतःची पोरं घेऊन यायची आणि कुंपणाशी थांबून दात काढत बघायची. या गावातली माणसं पाहुणी गेली तर दुसरी कुकी उचलताना आजही एकदा यजमानाकडे बघतात, असं लोक गमतीत म्हणत.

ऑरव्हिलना बसून राहायची सवयच होती. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी काउंटीचा बर्फ लोटणारा ट्रक चालवला. गाव उठायच्या आत रस्ते मोकळे. कोणी आभार मानले नाहीत, त्यांनीही ते कधी अपेक्षिले नाहीत. अर्डिथ गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि मुलाकडे, रसकडे, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत राहायला आले. येताना दोन पेट्या, एक गोधडी आणि ती खुर्ची घेऊन आले.

त्यांचा त्रास असा मोठा नव्हता. पण रोज होता. पहाटे उठून कॉफी करायची आणि गॅस चालूच ठेवायचा. धुतलेल्या भांड्यांवर करवत ठेवायची. आठ वर्षांच्या वायटला कुंपणापलीकडे थुंकायला शिकवायचं. सप्टेंबरात ते अंगणात चक्कर येऊन बसले आणि कोणाला सांगू नकोस म्हणून पाच वर्षांच्या जूनीला त्यांनी गोळी देऊन गप्प केलं. जूनीने ती गोळी संपेपर्यंत सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर दोन्ही मुलं एकाच खोलीत, रोज रात्री पलंगावरून भांडण. आणि कोरीन एकटी, कारण रस कोणत्याही गोष्टीला नुसतं "बघू" म्हणायचा.

शेवटी रसच्या बहिणीने, गेलने, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली मिळवली. नोव्हेंबरअखेरपासून. रसने सही केली. फक्त ऑरव्हिलना सांगायचं तेवढं राहिलं होतं. हॅलोविन होऊन जाऊ दे, रस म्हणाला. मग म्हणाला, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण होऊन जाऊ दे.

तर पोटात हे ठेवून कोरीन कांदा चिरत होती, आणि म्हणून तिचा आवाज जरा जास्तच चढत होता.

"मला बसू दे," ऑरव्हिल म्हणाले. "वर्षातून एकदा तर बसतो."

"बसा. पण हलायचं नाही. पोरं येतील, घेतील, जातील. कोणाला धरायचं नाही, गुरकायचं नाही."

"हे म्हणजे, जेवायला बस पण तोंड उघडू नकोस."

"मग नका बसू."

त्यांनी ओट्यावरचा मुखवटा उचलून झटकला. उरलेला भुसाही कांद्यातच पडला. "बरं. एकाही पोराला हात लावणार नाही. शब्द देतो." आणि ते आपल्या खोलीत गेले. दार लागलं. टीव्हीचा आवाज आला.

रुसले, कोरीनने मनाशी म्हटलं, आणि कांदा चाळणीत धुऊन घेतला. घुबडाचे पंख लावून टेबलाखाली बसलेली जूनी उठून हळूच आजोबांच्या खोलीत गेली, तिच्यामागोमाग वायट गेला. दोघं बाहेर आली तेव्हा जूनीने ओठ असे घट्ट मिटले होते की कोणीही विचारलं असतं, काय झालं म्हणून. कोरीनला पंखांच्या पिना लावायच्या होत्या. तिने विचारलं नाही.

सहाला गावाचा भोंगा वाजला. आग लागली की वाजतो तोच. हॅलोविनला मात्र तो सहाला वाजला की पोरांनी दारं वाजवायला सुरुवात करायची आणि आठला वाजला की थांबायचं. रस मुलांना घेऊन बाहेर पडला. कोरीनने खिमा-राजम्याची चिली मंद आचेवर ठेवली आणि ऑरव्हिलचं दार किलकिलं केलं. आत अंधार. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या. पलंगावर गोधडी पांघरून, भिंतीकडे तोंड करून झोपलेले. खालच्या टोकाला बूट बाहेर आलेले.

"पॅपॉ, चिली तयार आहे."

गोधडी हलली नाही. बूट काढून झोपायचंही सुचत नाही माणसाला, म्हणत तिने दार ओढून घेतलं. तिला वाईट वाटलं का? थोडं. त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

पोर्चवर बुजगावणं खुर्चीत होतं. पातेलं निम्मं रिकामं झालेलं, तिने ते भरलं. पोरं येत होती, घेत होती. कुंपणाशी थांबलेल्या एका बापाने विचारलं, यंदा पेंढाच का? कोरीन म्हणाली, यंदा पेंढाच. तो जरा हिरमुसला आणि पोराला म्हणाला, घे रे, दोन घे. मिसरूड फुटलेली दोन मुलं आली, मुखवटाबिखवटा काही नाही, मूठ भरून घेऊन गेली. पातेलं कलंडलं. चॉकलेटं बुटांपाशी सांडली, ती कोरीनने वेचली. बुजगावण्याची मान एका बाजूला कलली होती. तिने डोकं धरून सरळ केलं. ते परत कललं.

समोरच्या घरातली लोरेटा सफरचंदाच्या गरम सायडरचे दोन मग घेऊन आली. तिच्याकडची गोळ्यांची परडी संपली होती, दिवा मालवून आली होती. दोघी खुर्चीशेजारी वरच्या पायरीवर टेकल्या.

"सासरा कुठंय?"

"रुसून झोपलाय. पोरांना धरायचं नाही म्हटलं म्हणून."

"अगं, माझा नवरा याच खुर्चीपाशी पकडला गेला होता लहानपणी. अजून सांगतो."

"सांगू दे. रक्त त्याला नव्हतं पुसायला लागलं." कोरीनने हातातला मग ठेवायला जागा शोधली आणि तो बुजगावण्याच्या गुडघ्यावर ठेवला. बरा राहिला. "मान मोडलीय याची. आतली काठी तुटली वाटतं."

"दमट झालाय पेंढा," लोरेटा म्हणाली.

मग कोरीन बोलली. महिनाभर कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. गेलने मिळवलेली टेकडीवरची खोली, रसची सही, अजून न सांगितलेलं सांगणं. गॅस, करवत, पहाटेची कॉफी. लोरेटा ऐकणारी होती आणि पुढे न बोलणारी होती, म्हणून जास्तच सांगितलं गेलं.

"कंटाळलीस," लोरेटा म्हणाली.

"त्यांच्या वागण्याला नाही गं. ते काय, म्हातारी माणसं तशीच. मी त्यांच्या असण्यालाच कंटाळलेय." स्वतःचंच वाक्य तिने ऐकलं, पण परत घ्यावंसं वाटलं नाही. "तुला एक सांगते. रसलासुद्धा माहीत नाही. मी रंग ठरवलाय त्या खोलीचा. पिवळा. भडक नाही, लोण्यासारखा. जूनीला देणार ती खोली. नमुन्याचं कार्ड दवाखान्यात माझ्या खणात आहे. दुपारी काढून बघते."

"आणि म्हातारबुवा नाही म्हणाले तर?"

"कोणाला म्हणणार? सगळं ठरलंय." तिने बुजगावण्याच्या मांडीवर थाप मारली. "हा बघ. हा एकटाच माझं ऐकतो या घरात."

दोघी हसल्या. आठचा भोंगा झाला. लोरेटा आपले मग घेऊन गेली.

थोड्या वेळाने रस आणि मुलं आली. उशीचे अभ्रे गोळ्यांनी भरलेले, जूनीचा एक पंख लोंबत होता. ती थेट खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि कुजबुजली, "पकडलं का?"

"कोणाला?" कोरीन म्हणाली.

जूनीने तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. "पॅपॉ," ती म्हणाली, "आई इथेच आहे. पकड ना आता."

"ए, सांगायचं नव्हतं," वायट तिच्यावर खेकसला.

"पॅपॉ आत झोपलेत, राणी."

"आत पेंढ्याचा आहे," वायट म्हणाला. खेळ मोडलाच आहे तर आता सांगून टाकावं, अशा आवाजात. "आम्हीच झोपवला. बूट मी घातले त्याला. पॅपॉ म्हणाला, पोरांना हात लावणार नाही असा शब्द दिलाय, आईला लावणार नाही असा नाही दिला. तो तुला पकडणार होता."

मग रसने पुढे होऊन मुखवटा वर ओढला.

ऑरव्हिलचं तोंड उजवीकडून खाली ओघळलं होतं. हनुवटीवर लाळ, गोणपाटाचे धागे चिकटलेले. उजवा हात मांडीच्या बाजूला पिशवीसारखा पडलेला. डाव्या मुठीत एक चॉकलेट इतकं दाबलं गेलं होतं की हातमोज्यातून बाहेर आलं होतं. डोळे उघडे होते. ते रसकडे गेले नाहीत, जूनीकडे गेले नाहीत. ते कोरीनवर होते.

जूनी म्हणाली, "जिंकला का तो?"

रुग्णवाहिका आली तेव्हा मुखवटे घातलेली माणसं अजून रस्त्यावर होती. कुंपणापाशी जमलेल्यांतला एक जण टाळ्या वाजवू लागला. त्याला वाटलं, यंदा खेळ वाढवलाय. त्याच्या बायकोने त्याचा हात धरला.

इस्पितळात डॉक्टरीणबाई कोरीनपेक्षा वयाने लहान होती. अर्धांगवायूचा झटका, तिने सांगितलं. नक्की कधी आला ते कळणं कठीण, पण लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. ती हे काही दोष देण्यासाठी म्हणाली नव्हती. कोरीनने एकच विचारलं. त्या वेळात त्यांना ऐकू येत असेल का?

"येत असेल. काहींना सगळं ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. पुढे आठवतं असं मात्र नाही."

व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कोरीन बसून राहिली. तिला आपला हात आठवत होता. ते डोकं सरळ करणारा. मांडीवर थाप मारणारा. गुडघ्यावरचा मग आठवत होता, आणि तो किती व्यवस्थित राहिला होता ते.

त्याच रात्री तिने रसला सांगितलं, टेकडीवरची खोली नको. ते घरी येतील. रस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तुझ्यासारखी तूच, म्हणाला. तिने ते ऐकून घेतलं. पायरीवर काय बोलणं झालं, ते तिने त्याला सांगितलं नाही. गेल फोनवर चिडली. गेल्या महिन्यात तूच माझ्या मागे लागली होतीस, म्हणाली, आणि आता तर त्यांना खरी गरज आहे तिथली. कोरीन म्हणाली, मला जमेल. गेल म्हणाली, जागा मी इतक्यात सोडत नाही, तुझं मत परत बदलेल. त्यांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढ्यावर तिघांचं जमलं.

गावाला हे पचायला वेळ लागला. कारण सगळं गाव त्या मांडीवरच्या पातेल्यात हात घालून गेलं होतं. मूठ भरून नेणाऱ्या मुलांपैकी एकाची आई नूडल्सचं पातेलं घेऊन आली आणि ते दारातच ठेवून निघून गेली. दोन घे म्हणणारा बाप रसला दुकानात भेटला, तर तोंड चुकवून गेला. लोरेटा रोज यायची, पण कोरीन आणि ती, दोघी पायरीवर बसायच्या नाहीत. जूनीने पोर्च सोडला. ती मागच्या दाराने येऊ-जाऊ लागली. वायटने एकदा जेवताना विचारलं, पॅपॉला झटका आल्यावर किती जणांनी चॉकलेटं नेली असतील? रस म्हणाला, जेव.

कोरीन रोज कामावरून परस्पर इस्पितळात जायची. ऑरव्हिलना भरवायची, बोटं चोळायची. जीभ जड झाली होती, शब्द ओल्या मातीतून ओढून काढल्यासारखे यायचे. एका संध्याकाळी दोघंच असताना तिने शेवटी विचारलं.

"पॅपॉ, त्या दिवशीचं काही आठवतं का? पोर्चवरचं?"

ते छताकडे बघत होते. तिकडेच बघत त्यांनी मान हलवली. नाही.

तिचे खांदे खाली आले. इतके, की तिचं तिलाच जाणवलं आणि लाज वाटली. तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, गाडीत येऊन बसली आणि खूप रडली. पण ते सुटकेचं रडणं होतं. त्या आठवड्यात तिने नमुन्याचं कार्ड खणातून काढून दवाखान्यातल्या कचऱ्यात टाकलं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी ऑरव्हिल घरी आले. रसने पायऱ्यांवर फळ्यांचा उतार केला होता, न्हाणीघरात कठडा बसवला होता. गेलही आली होती, जांभळ्या रताळ्यांचं काहीतरी करून. बटाटे घालून भाजलेलं बीफ कोरीनने सकाळपासून ओव्हनमध्ये ठेवलं होतं, ते त्यांच्या आवडीचं. त्यांची खोली जशीच्या तशी होती. गोधडी धुतलेली, भिंतीवर अर्डिथचा फोटो. पेंढ्याचं बुजगावणं रसने कधीच जाळलं होतं.

मागच्या दाराने जूनी आली आणि आजोबांच्या खुर्चीपासून जरा लांब उभी राहिली. त्यांनी डावा हात पुढे केला, तिचं मनगट हलकेच पकडलं आणि सोडलं. ती दचकली. मग तीच हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. सगळेच हसले. कोरीनला वाटलं, होईल. सगळं होईल.

जेवताना रसने घसा साफ केला. ऑरव्हिल डाव्या हाताने, सांडत सांडत खात होते आणि सगळे सांडलेलं न दिसल्यासारखं करत होते.

"डॅड, एक सांगायचंय," रस म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही इथेच राहणार, आमच्यात. पहिल्यासारखं. कोरीनचंच म्हणणं आहे."

ऑरव्हिलनी चमचा ठेवला. तोंड पुसलं. मग सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलू लागले.

"जूनीला द्या ती खोली."

"छे, जूनी वर ठीक आहे, डॅड..."

"पिवळा रंग द्या. भडक नको." त्यांनी श्वास घेतला. "लोण्यासारखा."

रसने गोंधळून गेलकडे बघितलं. गेलने खांदे उडवले. "कसला पिवळा?" रस म्हणाला. "कोरीन, कसला रंग?"

कोरीनच्या हातात रश्श्याचं भांडं होतं. ते कुठे ठेवायचं ते तिला सुचेना. ऑरव्हिल तिच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या ताटातला बटाटा चमच्याच्या कडेने कापत होते, आणि तो दर वेळी निसटत होता. तिने सवयीने पुढे होऊन तो कापायला हात नेला, तर त्यांनी डावा हात मध्ये धरला. रागाने नाही. नुसता धरला.

"गेलने जागा सोडली नाहीय ना अजून?" त्यांनी विचारलं.

गेलचं तोंड उघडं राहिलं. तिने रसकडे पाहिलं, रसने तिच्याकडे. तुम्हाला कोणी सांगितलं, असं दोघंही एकदमच विचारू लागले आणि दोघंही थांबले.

बटाट्याचा तुकडा शेवटी चमच्यावर आला. ऑरव्हिलनी तो खाल्ला, गिळेपर्यंत सगळ्यांना थांबायला लावलं आणि मग बर्फ पडणार आहे असं सांगावं तसं सांगितलं.

"शनिवारी मी टेकडीवर राहायला जातोय. खुर्ची घेऊन जाणार."